मास्तरांच्या कवटीतले दोन खड्डे

चनमल्लप्पा मास्तर रागीट होते ते आजाराच्या आधीपासून. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यानंतर लोक म्हणायला लागले की ऑपरेशननं त्यांचं डोकं फिरलं. डोकं फिरलेलं नव्हतं. ते माझे सख्खे मामा, आईचे धाकटे भाऊ. मी त्यांना लहानपणापासून असंच बघत आलेय.

मूळ मैंदर्गीचे. घरात कन्नड, कामावर मराठी, शिव्या दोन्हीत. सोलापुरात अंबादास शेठच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कटिंग मास्तर होते. लांबच लांब टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं, आणि उभ्या पात्याचं विजेचं मशीन हातानं ढकलत त्या रेषेवरून न्यायचं. पातं जरा सरकलं की सत्तर चड्ड्या एकदम वाया. मामांची एकही वाया गेली नव्हती, असं ते स्वतः सांगायचे आणि शेठही सांगायचे. शिलाईवाल्या बायका त्यांना घाबरायच्या. कॉलर उलटी लावली तर मामा ती त्यांच्यासमोर उसवायचे. पण त्याच बायका दुसऱ्या कारखान्यात जायच्या नाहीत, कारण मामांनी कापलेले तुकडे एकमेकांना बिनबोभाट जुळायचे.

एकोणपन्नासाव्या वर्षी डावा हात थरथरायला लागला. डावा हात कापड दाबून धरायचा. मामांनी दोन महिने कुणाला सांगितलं नाही, हात खिशात घालून फिरले. मग एक दिवस पातं डाव्या अंगठ्याच्या नखाला घासून गेलं आणि शेठनं मशीनचं बटण बंद केलं. डॉ. हविनाळे म्हणून मेंदूचे डॉक्टर आहेत, त्यांनी बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, आणि पार्किन्सन म्हणून सांगितलं.

"कशानं झालं?" मामांनी विचारलं.

"मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य असतं. ते बनवणाऱ्या पेशी मरत चालल्यात. का मरतात, ते नक्की कुणालाच माहीत नाही."

"मंग तुमी डाक्टर कशाला झाला?" मामा म्हणाले. डॉक्टर हसले. मामा हसले नव्हते.

पहिली पाच-सहा वर्षं गोळ्यांवर निभावली. मशीन सुटलं, तरी मामा खडूनं आखून द्यायचे. मग गोळीचा असर दोन तासांत उतरायला लागला. दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे आणि मामा तिथंच उभे. मागून कुणी "चला की" म्हटलं तर तोंडाला येईल ते बोलायचे. शर्टाची बटणं मामी लावायच्या. माझी मामी, शिवबाई. हजारो शर्टांचे काज ज्यांनी आखून दिले, त्या माणसाला स्वतःचं एक बटण लावता येईना. जेवताना ताटातली आमटी मांडीवर यायची. मग ते आमच्यासमोर जेवेनासे झाले.

मामींचे भाऊ नंदीश त्याच गल्लीत राहतात. ते येऊन म्हणायचे, "दाजी, जरा मनाला घट्ट करा. सगळं मनाचं असतंय." मामा त्यांना चहा न देता घालवायचे.

अशा वेळी डॉ. हविनाळेंनीच पुण्याची गोष्ट काढली. तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात चाचणी चालू होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी डोक्याला छिद्रं पाडून मेंदूत सोडायच्या, म्हणजे डोपामिन परत बनायला लागेल, असा अंदाज. "अंदाज आहे हं," डॉक्टर दोनदा म्हणाले. मामांना ते एकदाही ऐकू आलं नाही.

पुण्याला त्यांच्याबरोबर मी गेले. मी कुंभारीच्या शाळेत विज्ञान शिकवते. घरात शिकलेली म्हणून असल्या कामाला मीच. एका खोलीत आम्हाला बसवलं, समोर कॅमेरा लावला. संमती घेतानाचं चित्रीकरण करावंच लागतं म्हणे. एका मुलीनं छापील मराठी कागद वाचायला घेतला. 'यादृच्छिक विभागणी', 'आभासी शल्यक्रिया', 'उभयपक्षी गोपनीयता'. मामांनी तिला थांबवलं.

"बाई, हे कुटलं मराठी?" आणि माझ्याकडं वळून कन्नडमध्ये म्हणाले, "तू सांग."

मी सांगितलं. त्या मुलीला कन्नड येत नव्हतं. ती मान डोलवत राहिली. मी सांगितलं की निम्म्या लोकांच्या मेंदूत पेशी सोडणार. उरलेल्या निम्म्यांना भूल देऊन, डोकं भादरून, कवटीला नुसते दोन खड्डे पाडणार, आरपार नाही, आणि टाके घालणार. आत काहीच जाणार नाही. कोण कुठल्या गटातला, ते पेशंटला एक वर्ष कळणार नाही. तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळणार नाही. ऑपरेशन करणाऱ्यांना तेवढं माहीत, आणि ते परत भेटणार नाहीत.

"असं कशापायी करत्यात?"

"ऑपरेशन झालं एवढ्यानंच माणसाला बरं वाटू शकतं म्हणून. पेशींनी बरं वाटलं की ऑपरेशनच्या भरवशानं, ते कळायला हवं."

 मामांचा डावा हात मांडीवर हलत होता आणि तो उजव्यानं दाबून धरला होता. मग त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला ते सहन झालं नाही. "अन् मला?" त्यांनी विचारलं.

"निमग सिगतद, मामा," मी म्हटलं. तुम्हाला मिळणार.

मला काहीही माहीत नव्हतं. मला माहीत असणं शक्यच नव्हतं. मी वर्गात पोरांना नाणं उडवून शक्यता शिकवते. तरी मी तसं म्हटलं. मामांनी सही केली. ती सही म्हणजे नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या.

ऑपरेशन झालं. आठवड्यानं घरी आले ते टक्कल आणि कपाळावर दोन पट्ट्या घेऊन. पहिला महिनाभर तसा काही फरक नव्हता. दुसऱ्या महिन्यात मामींचा फोन आला. फोनवर त्या रडत होत्या. मला वाटलं पडले कुठंतरी. "अगं, शर्ट घातला," मामी म्हणाल्या. "सगळी बटणं लावली. मी न्हाणीत हुते, बाहीर आले तर हे शर्ट घालून उभे."

त्यानंतरचं वर्ष मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून कुणी काही म्हटलं तरी मी ऐकून घेणार नाही. गोळ्या त्याच होत्या आणि तेवढ्याच होत्या. तरी उंबऱ्याशी पाय अडेनासे झाले. ताटातली आमटी ताटातच राहायला लागली. थरथर पूर्ण गेली नव्हती, पण हात सांगितलेलं ऐकायला लागला. दर तीन महिन्यांनी पुण्याला तपासणी व्हायची. आदल्या रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून, कॅमेऱ्यासमोर. खुर्चीतून उठा, चाला, वळा, अंगठा आणि बोट आपटा. त्याचे आकडे मांडायचे, जास्त आकडा म्हणजे आजार जास्त. ऑपरेशनच्या आधी शेहेचाळीस होता. नवव्या महिन्यात एकतीस. आकडा मांडणाऱ्या डॉक्टरला मामा कुठल्या गटातले ते माहीत नव्हतं.

मामा अंबादास शेठकडं गेले आणि म्हणाले, मशीन द्या. शेठनी आधी जुन्या चादरी कापायला दिल्या. मग जूनची घाई आली, शाळा उघडायच्या होत्या, आणि मामांनी एका शाळेच्या खाकी चड्ड्यांचे साठ थर कापले. बायका शिलाई थांबवून बघायला उभ्या राहिल्या. मामांनी मशीन बंद केलं, वर बघितलं आणि ओरडले, "तमाशा हाय काय हितं? बसा कामाला!" शेठनी मला सांगितलं की त्यांचं ते ओरडणं ऐकून दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला.

वर्ष संपल्यावर पुण्याहून बोलावणं आलं. मामांनी पांढरा सदरा घातला होता. बरोबर मी होते. एक तरुण डॉक्टरीण फाईल घेऊन बसली. स्वभावानं चांगली होती, मी तिला वाईट म्हणणार नाही. तिनं पाणी दिलं, विचारपूस केली आणि मग म्हणाली, "काका, तुम्ही दुसऱ्या गटात होता."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या मेंदूत पेशी सोडल्या नव्हत्या. कवटीला फक्त वरून दोन खड्डे केले होते."

मामांचा हात कपाळाकडं गेला. तिथं केसांच्या खाली दोन खळगे हाताला लागतात. "आत काय सोडलं?"

"काहीच नाही, काका."

"कायच न्हाय?"

"नाही. पण तुमचा प्रतिसाद फार छान होता. आमच्या सगळ्या गटात तुमची सुधारणा सगळ्यात जास्त झाली." ती हसून म्हणाली. तिला खरंच ते कौतुक वाटत होतं.

मी विचारलं की कागदात लिहिलं होतं, दुसऱ्या गटाला नंतर खऱ्या पेशी देऊ, त्याचं काय. तिनं फाईल मिटली. दोन्ही गटांत फारसा फरक पडला नव्हता. पेशी दिलेले आणि न दिलेले, दोघांचीही सुधारणा जवळपास सारखीच. म्हणून कंपनीनं पुढचं काम थांबवलं होतं.

मामा उठले. दारापाशी गेले आणि दहा-अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे पाय उंबऱ्याशी अडले. आम्ही दोघी बघत होतो. त्यांना ते कळलं होतं. त्यांनी मुठीनं स्वतःच्या मांडीवर एक जोरात ठोसा मारला आणि पाय उचलला.

सोलापूरला परतताना इंदापूर मागं पडलं. मग मामा म्हणाले, "तू म्हणालीस मला मिळणार."

"हो."

"तुला ठाऊक हुतं?"

"नाही, मामा."

"मंग कशाला म्हणालीस?"

मी म्हटलं की तुमचं तोंड बघवत नव्हतं. हे उत्तर नव्हतं, मला तेव्हाही माहीत होतं. मामा म्हणाले, "सुळ्ळ." खोटं. आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर सात महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

हात लगेच बिघडला नाही. ते जास्त वाईट होतं. मामा सकाळी उठून हात समोर धरून बसायचे, त्याची वाट बघत. मामी सांगायच्या, "त्यास्नी वाटतंय आता थरथरंल, मग थरथरंल." पंधरा-वीस दिवसांत थरथर आली. दोन महिन्यांत बटणं परत मामींकडं गेली. कारखाना सुटला. यावेळी शेठला मशीनचं बटण बंद करायला लागलं नाही. मामांनी स्वतःच ते बंद केलं आणि घरी आले.

आणि गल्लीला गोष्ट कळली. कशी कळली ते सांगायला नको, मामींनी भावाला सांगितलं आणि भावानं सगळ्यांना. "दाजींच्या डोक्यात काय बी घातलं नव्हतं म्हणं! नुसती टाळू खरवडली अन् हे पळायला लागले." चहाच्या टपरीवर हशा. मग हशा थांबला आणि हिशोब मांडला गेला: काहीच न घालता बरा झाला, म्हणजे मुळात काही झालंच नव्हतं. सहा-सात वर्षं नुसतं सोंग. एके दिवशी नंदीश घरी येऊन मामांच्या तोंडावर म्हणाले, "मनात आणलं तर शर्ट घालता येत हुता की. मंग माज्या बहिणीला एवढी वर्सं कशापायी राबवलासा?"

मामांनी हातातला तांब्या फेकला. तो नंदीशना लागला नाही, भिंतीला लागला. हात तेवढाही नेम धरू शकत नव्हता. हे त्यांना नंदीशच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मला हे सगळं मामींकडून कळत होतं आणि माझं डोकं भणभणत होतं. नंदीशमामांचा राग येत होता, त्या गोड हसणाऱ्या डॉक्टरणीचा येत होता, त्या कंपनीचा येत होता जिचं नावसुद्धा आम्हाला उच्चारता येत नाही. पण रात्री आडवी झाले की स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. निमग सिगतद.

सात महिन्यांनी मामांचा फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "ये. अर्ज लिवायचाय."

मी गेले. ते पलंगावर बसले होते, अंग बारीक झालेलं. "माज्या चाचणीचं सगळं चित्रीकरण पायजे," ते म्हणाले. "पयल्यापासनं. डोकं माजं, हात माजा, मंग फिल्लम बी माजी." बोलताना माझ्याकडं बघत नव्हते.

पहिल्या अर्जाला उत्तर आलं की चाचणीची माहिती ही कंपनीची मालमत्ता आहे. दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं नाही. तिसरा हॉस्पिटलच्या नैतिकता समितीला केला. महिना गेला. मग मामा म्हणाले, गाडी कर. आम्ही पुण्याला गेलो आणि मामा त्या समितीच्या ऑफिससमोरच्या बाकावर बसले. गोळीचा असर उतरला तसं अंग आखडत गेलं. शिपाई म्हणाला, काका, घरी जा, कळवू. मामा म्हणाले, "मला उटता येत न्हाय. पायजे तर उचलून टाका." खरंच येत नव्हतं. दोन दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिथं बसले. जाणारे-येणारे पेशंट विचारायचे काय झालं, आणि मामा प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचे, मोठ्यानं. तिसऱ्या दिवशी दुपारी तीच डॉक्टरीण पेन ड्राइव्ह घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. "मी भांडले, काका," ती म्हणाली. मामांनी तो घेतला. थँक्यू म्हणाले नाहीत.

अंबादास शेठच्या ऑफिसात मोठा टीव्ही आहे. मामांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बोलावलं. कारागीर, शिलाईवाल्या बायका, शेठ, मामी. नंदीशना मामींनी हाताला धरून आणलं. मी पेन ड्राइव्ह लावला.

पहिलीच फाईल संमतीची निघाली. पडद्यावर मी, मामा आणि ती वाचणारी मुलगी. मी बंद करायला हात पुढं केला. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." पूर्ण अकरा मिनिटं चाललं. तिथल्या निम्म्या लोकांना कन्नड येतं. "अन् मला?" पडद्यावरच्या मामांनी विचारलं, आणि पडद्यावरच्या मी, हसऱ्या तोंडानं, सांगितलं. मामींनी वळून माझ्याकडं बघितलं.  मला जमिनीत जावंसं वाटलं, पण मी उभी राहिले, कारण मामाही उभे होते.

दुसरी फाईल ऑपरेशनच्या आधीची. गोळ्या न घेतलेले मामा, बनियन आणि लेंगा. खुर्चीतून उठायला सांगितलंय. एकदा प्रयत्न, मागं पडले. दुसऱ्यांदा, मागं पडले. तिसऱ्यांदा तोंडातून लाळ गळली आणि तरी उठता आलं नाही, मग दोघांनी धरून उठवलं. चालताना वळायच्या जागी वीस सेकंद नुसते उभे. ह्या माणसानं आयुष्यभर कुणासमोर मान खाली घातली नव्हती. आमच्यासमोर जेवणसुद्धा सोडलं होतं. आणि आज स्वतःच्या लाळेचं चित्र त्यानं चाळीस माणसांना दाखवलं.

तिसरी फाईल नवव्या महिन्याची. तीच खोली, तशाच गोळ्या बंद. मामा खुर्चीतून पहिल्या फटक्यात उठले, चालले, वळले, परत आले.

टीव्ही बंद झाल्यावर मामा नंदीशसमोर जाऊन उभे राहिले. अंग लटपटत होतं. "आता सांग. ह्यातला सोंगाडी कोण? हा का तो?"

नंदीश खाली बघत म्हणाले, "दाजी, मला काय ठाऊक..."

"ठाऊक न्हवतं तर बोललास कशाला?"

तेवढ्यात मामी पुढं झाल्या. मामींचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "एवढी वर्सं ह्यांची बटणं मी लावली. आता परत लावतीय. तू एक दिवस आलास काय रे लावायला? मला राबवलं म्हणं! माज्या नावानं तू कशाला बोलतोस?" आणि मग मामांकडं वळून, "अन् तुमी बी. चिडायला तुमास्नी तरी येळ हाय. मला तेवढा बी न्हाय." त्या तडक निघून गेल्या. मामा त्यांच्या मागं निघाले, पण पाय उचलेना, आणि शिलाईवाल्या बायकांपैकी एकीनं, न विचारता, त्यांच्या पावलासमोर खडूनं जमिनीवर आडवी रेघ ओढली. समोर रेघ असली की अडलेला पाय सुटतो, हे तिला मामांनीच कधीतरी सांगितलं होतं. मामांनी रेघ ओलांडली.

त्यानंतर नंदीशनी सोंगाचा शब्द कधी काढला नाही. पण मामांचा राग गेला नाही. तो डॉ. हविनाळेंकडं गेला.

"तुमचा हात खरंच थांबला होता," डॉक्टर म्हणाले. "हे सोंगही नाही आणि भासही नाही. आपण बरं होणार अशी खात्री वाटली की पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत खरंच डोपामिन सुटतं. हे मोजलेलं आहे. आजार जात नाही, आत पेशी मरतच असतात. पण हालचाल सुधारते."

"मंग मला खरं सांगितलं कशाला? ऱ्हाऊ द्यायचं हुतं तसंच."

"ती फसवणूक झाली असती."

"अन् डोक्याला खड्डे पाडून टाके घातले, ते काय हुतं?"

 डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नसता तर त्या पेशी चालतात असंच सगळ्यांना वाटलं असतं, मास्तर. पुढं हजारो लोकांच्या मेंदूत सुया घातल्या असत्या. फुकट. तुमच्यामुळं ते वाचले."

"ते हजार लोक मला वळकतात काय?" मामा म्हणाले. "मी त्यास्नी वळकतो काय? मला आधीच सांगायचं हुतं की, तुज्या डोक्याचा उपयोग दुसऱ्यांसाटी हाय. मी न्हाय म्हणलो नसतो. व्हय म्हणलो असतो बी. पण मला वाटलं माज्यासाटी हाय."

डॉक्टर म्हणाले की कागदावर तसं लिहिलेलं होतं. ते खरं होतं. नवव्या पानावर होतं. मी ते वाचलं होतं आणि सांगितलं नव्हतं. मी तिथंच, डॉक्टरांसमोर, हे बोलून दाखवलं. मामा म्हणाले, "ठाऊक हाय मला." एवढंच.

मग आम्ही पुण्याच्या समितीला चौथं पत्र पाठवलं. मामा सांगत गेले, मी लिहीत गेले. पेशंटच्या घरच्या भाषेत सांगणारा माणूस हॉस्पिटलनं द्यावा, नात्यातला नसावा. निकाल सांगताना पंधरा मिनिटांत उरकू नये, नंतर महिनाभर कुणीतरी विचारपूस करावी. तीन महिन्यांनी उत्तर आलं. पहिली मागणी मान्य, दुसरी विचाराधीन. मामांनी उत्तर फाडलं, मग मला ते चिकटवायला लावलं, कारण पहिली मागणी मान्य झाल्याचा कागद जपून ठेवायचा होता.

मागच्या वर्षी वैरागहून बडेसाब आले. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, आता चमचासुद्धा धरता येत नव्हता. बरोबर त्यांची मुलगी जोया. दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या एका उपचाराची तशीच चाचणी होती, निम्म्यांना नुसते खड्डे. कुणीतरी मामांचं नाव सांगितलं होतं. मला वाटलं मामा त्यांना हाकलतील. मामांनी जोयाला कागद वाचायला लावला. "'शक्यता हाय' लिवलंय, तर 'शक्यता हाय'च म्हण. गोड करू नगंस." तिनं कुठं आवाज मऊ केला की मामा पलंगावर हात आपटायचे. अडीच तास लागले. मी चहा केला, भाकरी केल्या, आणि तिथंच बसून ऐकलं.

शेवटी बडेसाब म्हणाले, "मास्तर, मला नुसत्या खड्ड्यांच्या अर्ध्यात टाकलं तरी चालतंय. पण मला ठाऊक असून जायचंय." त्यांनी सही केली ती दोन आठवड्यांनी, घरी जाऊन विचार करून.

चार महिन्यांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, मी स्पीकरवर लावून दिला. मामांना आता मोबाईल धरता येत नाही, आवाजही बारीक झालाय.

"मास्तर, हात हलायचा थांबलाय," बडेसाब म्हणाले. आवाजात आनंदापेक्षा भीती जास्त होती. "काल जोयाला गाडीवरून बाजारात नेलो. आता हे खरं समजू का न्हाय?"

मामांनी डोळे मिटले. कपाळावरच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं आता ओरडतील.

"मला काय इचारता," ते म्हणाले. "हात चालतोय न्हवं? मंग चालतोय तवर काय करायचं ते करून घ्या. हाताकडं बघत बसू नका, मी बसलो हुतो." दम लागला म्हणून थांबले. "अन् कुठल्या गटात हुता त्यो कागद उघडायच्या दिवशी मला संगट न्या. मला त्यांच्याशी बोलायचंय."